गस्तीची गाडी निवडताना ती उभी असताना बघा

प्रश्न एका जिल्हा पोलीस दलाच्या मोटार परिवहन शाखेत नव्याने रुजू झालेल्या उपनिरीक्षकांचा आहे. थोडक्यात असा: जिल्ह्यातल्या बऱ्याच गाड्यांना पंधरा वर्षं झाली, त्या निर्लेखित होणार, म्हणजे वापरातून कायमच्या काढल्या जाणार आहेत. जिल्हा नियोजन समितीकडून साधारण तीस गाड्यांचा निधी मिळेल असं दिसतं. जिल्ह्यात एक मोठं शहर आहे, दोन घाट आहेत, राष्ट्रीय महामार्ग जातो आणि नदीकाठच्या दोन तालुक्यांत पावसाळ्यात पाणी भरतं. वरिष्ठ म्हणतात, पूर्वीसारख्या सरसकट बोलेरो घ्या. तरुण अधिकाऱ्यांना स्कॉर्पिओ हव्यात. कुणी अर्टिगा सुचवतं, कुणी इलेक्ट्रिक. काय करावं?

माझी उभी नोकरी पोलिसांच्या गाड्यांमध्ये गेली. आधी वर्कशॉपमध्ये, नंतर खरेदी आणि निर्लेखनाच्या समित्यांवर. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण घाईने तीस गाड्या घेतल्या तर पुढची दहा-बारा वर्षं त्यांच्यासोबत काढावी लागतात, म्हणून सविस्तरच लिहितो.

आधी निर्लेखनाबद्दल, कारण तिथे गैरसमज फार आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६ जानेवारी २०२३ ला दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद झालं. अशा गाड्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यायच्या. पूर्वीसारखा जाहीर लिलाव करून कुणाला चालवायला द्यायच्या नाहीत. कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वापरात असलेल्या चिलखती आणि इतर विशेष वाहनांना यातून सूट आहे. ती सूट साध्या गस्तीच्या गाडीला लावून ‘अजून दोन वर्षं काढू’ असा विचार करू नका. नोंदणी नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर चालकाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या मागे जे लागतं, ते मी जवळून पाहिलंय. जी गाडी पंधराव्या वर्षात आहे, तिची बदली आजच कागदावर घ्या.

आता मूळ प्रश्न. गाडी निवडायला बसलो की सगळे जण इंजिनाची ताकद, टॉप स्पीड, ‘पिकअप कसा आहे’ यावर बोलतात. पाठलाग डोळ्यांसमोर असतो. पण गस्तीच्या गाडीचं चोवीस तासांचं लॉगबुक घेऊन बसा आणि ती किती वेळ धावते आणि किती वेळ इंजिन चालू ठेवून उभी असते, ते काढा. नाकाबंदीला उभी, चौकात उभी, मिरवणुकीत पायी चालणाऱ्यांच्या वेगाने सरकत, घटनास्थळी पंचनामा होईपर्यंत उभी, साहेब बैठकीत आहेत तोवर उभी. एसी चालू, वायरलेस चालू, छतावरचे दिवे फिरतायत. जिथे जिथे हा हिशेब काढायला लावला, तिथे उभ्या गाडीचे तास धावत्या गाडीपेक्षा जास्तच निघाले. म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं म्हणणं हेच की गस्तीची गाडी ही प्रामुख्याने उभी राहणारी गाडी आहे. तिची परीक्षा उभ्यानेच घ्या.

आकड्यांत सांगतो. समजा गाडी दिवसाला १२० किलोमीटर धावते आणि सहा तास इंजिन चालू ठेवून उभी राहते. लिटरला १२ किलोमीटर धरले तर धावण्यासाठी १० लिटर डिझेल. उभ्या गाडीला एसीसह तासाला पाऊण लिटरच्या वर जातं, म्हणजे सहा तासांचे जवळपास ५ लिटर. एकूण १५ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर दिवसाचे साडेतेराशे रुपये, वर्षाला ३५० दिवस धरून पावणेपाच लाखांच्या आसपास. दहा-बारा लाखांची गाडी तीन वर्षांच्या आत आपल्या किमतीइतकं इंधन पिते आणि त्यातला एक तृतीयांश भाग एक इंचही पुढे न जाता जळतो. तेव्हा खरेदी किमतीत पन्नास हजारांची सूट मिळवण्यासाठी जो घाम गाळला जातो, त्याच्या निम्मी मेहनत या उभ्या तासांवर घेतली तर कितीतरी जास्त वाचेल.

इंधन तरी दिसतं. इंजिनाची झीज दिसत नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनी आपल्या पोलीस गाड्यांच्या देखभालीसाठी एक ठोकताळा देते: एक तास उभं चालू इंजिन म्हणजे ३३ मैल, आपल्या भाषेत ५३ किलोमीटर धावल्याइतकी झीज. तो आकडा त्यांच्या पेट्रोल इंजिनांचा आहे, आपल्या डिझेलला तो जशास तसा लागू होणार नाही. पण दिशा तीच. वरच्या हिशेबाला तो लावून बघा. सहा तास म्हणजे दिवसाला ३१८ किलोमीटर. ओडोमीटर वर्षाला ४२,००० दाखवतं, इंजिनाने मात्र दीड लाख भोगलेले असतात. आपण ऑइल बदलतो दहा हजारांवर, कारण पुस्तिकेत तसं लिहिलंय. दहा हजार किलोमीटर व्हायला या गाडीला ८३ दिवस लागतात आणि तेवढ्यात ती पाचशे तास उभ्याने चाललेली असते. ‘पूर्वीच्या गाड्या टिकायच्या, आताच्या दोन वर्षांत दम टाकतात’ ही तक्रार मी फार ऐकली. पुष्कळदा त्यामागे गाडीच्या दोषापेक्षा ऑइलचा हा चुकीचा हिशेब असतो. नवीन गाड्यांना पहिल्या दिवसापासून इंजिनाचे तास मोजणारं मीटर लावून घ्या आणि ऑइल निम्म्या अंतरावर बदला. त्यासाठीची तरतूद खरेदीच्या प्रस्तावातच दाखवा, नंतर मागून मिळत नाही.

आता डिझेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं कडक मानक आलं आणि गस्तीच्या डिझेल गाडीचं सगळं गणित बदललं. हे फार थोड्या खरेदी समित्यांनी मनावर घेतलंय. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी अडवते आणि भरली की स्वतःच जाळून टाकते. पण जाळायला तिथलं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जावं लागतं आणि ते जातं गाडी एका लयीत सलग पळाली तर. चौकात उभ्या गाडीचा धूर तेवढा तापतच नाही. काजळी साचत जाते, गाडी मधूनच स्वच्छतेचा प्रयत्न सुरू करते, तेवढ्यात कॉल येतो किंवा कुणी चावी फिरवून बंद करतं आणि काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग गाडीची ताकद आपोआप कमी होते. रात्री दोन वाजता कॉल आलाय आणि गाडी चाळीसच्या वर जात नाही, अशी वेळ येते.

याची एक खूण सांगतो, कुठल्याही स्कॅनरशिवाय दिसणारी. सकाळी थंड इंजिनाची ऑइलची पट्टी काढा. ऑइल कमी होणं आपल्याला माहीत आहे. इथे ते वाढलेलं दिसतं. पट्टीवरच्या वरच्या खुणेच्याही वर. बोटावर घेऊन चोळलं तर पातळ लागतं आणि डिझेलचा वास येतो. जाळी जाळण्यासाठी जे जादा डिझेल सोडलं जातं, ते अर्धवट राहिलं की सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. अशा ऑइलवर इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंगची वाट लावणं. चालकांना रोज पट्टी बघायची सवय असतेच, पण ‘वाढलेलं ऑइलही धोक्याचं’ हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते हजेरीच्या वेळी एकदा नीट दाखवा.

म्हणून शहरातल्या पोलीस ठाण्यांना नवीन डिझेल गाडी देऊ नये, या मताचा मी आहे. जी गाडी दिवसभर चार किलोमीटरच्या हद्दीत फिरते आणि उरलेला वेळ उभी राहते, तिला पेट्रोल, सीएनजी किंवा इलेक्ट्रिक. पेट्रोलला खर्च जास्त हे खरं, पण बंद पडलेल्या डिझेल गाडीचा खर्च कुणी मांडतच नाही. ग्रामीण ठाण्यांना, जिथून एकेका कॉलला पंचवीस-तीस किलोमीटर जावं लागतं, तिथे डिझेल योग्यच. जाळी तिथे आपोआप साफ होत राहते. तिथेही आठवड्यातून एकदा अर्धा तास साठच्या वर एका वेगाने गाडी पळवायची, असा लेखी आदेश काढून ठेवा. आदेश नसेल तर चालक बिचारा लॉगबुकात त्या फेरीचं कारण काय लिहिणार?

दुसरी गोष्ट विजेची. डायल ११२ ही तातडीच्या मदतीची सेवा आल्यापासून गाडीत टॅबसारखं एमडीटी असतं, जीपीएस असतं, वायरलेस सेट तर होताच. आता पुढे-मागे कॅमेरेही लागू लागलेत. उभ्या गाडीचा रात्रीचा हिशेब बघा: एसीचा पंखा आणि कंडेन्सरचा पंखा मिळून वीस-पंचवीस अँपिअर, इंजिनाची स्वतःची गरज आठ-दहा, बाहेरचे दिवे धरून आणखी दहा, छतावरचा एलईडी बार पाच-आठ, एमडीटी-जीपीएस-कॅमेरे तीनेक, सेटवर बोलताना पाच-सहा. शंभर वॉटचा सायरन वाजवला तर अजून आठ. सायरन न धरताही पन्नास-साठच्या घरात जातं. इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर ९० अँपिअर लिहिलेलं असतं, पण ते इंजिन चांगलं फिरत असताना. उभ्या गाडीत त्याच्या जेमतेम निम्मं मिळतं. तूट बॅटरीतून जाते. हिवाळ्यात एसी नसतो म्हणून निभावतं आणि एप्रिल-मेमध्ये गाड्या ढकलून सुरू कराव्या लागतात. बॅटऱ्या खराब निघाल्या म्हणून पुरवठादाराशी पत्रव्यवहार सुरू होतो. बॅटरीचा यात काहीच दोष नसतो.

गाडी निवडण्यापूर्वी हे मोजता येतं आणि मोजलंच पाहिजे. डीलरकडून चाचणीसाठी गाडी मागवा, त्यात आपली सगळी उपकरणं जोडा, इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं उभी करा आणि बॅटरीच्या जाड तारेवर डीसी क्लॅम्प मीटर लावा. करंट बॅटरीत जातोय की बॅटरीतून येतोय, तेवढंच बघायचं. नुसत्या व्होल्टवर जाऊ नका. हल्लीच्या गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, व्होल्ट वर-खाली होतात आणि फसवतात. तूट दिसली तर जास्त क्षमतेचा अल्टरनेटर मिळतो का विचारा, किंवा उपकरणांसाठी वेगळी दुसरी बॅटरी, तिला मुख्य बॅटरीपासून अलग ठेवणारा आयसोलेटर, आणि मुख्य बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की उपकरणं आपोआप बंद करणारा कटऑफ.

जोडणीवरही लक्ष असू द्या. जुन्या जीपमध्ये कुठलीही तार सोलून सेटला जोडली तरी चालायचं. आताच्या गाडीत चुकीची तार कापली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि वॉरंटी जाते. एका जिल्ह्यात नव्या गाड्या झेंडा दाखवून रवाना झाल्या आणि मग सेट, एमडीटी आणि लाइटबार वेगवेगळ्या तीन पुरवठादारांकडून यायचे म्हणून मैदानात उभ्या राहिल्या. प्रत्येकाने आपापली तार आपापल्या जागी जोडली. फ्यूज कुठला कशाचा हे सांगणारा एकही कागद नव्हता. पहिल्या पावसात अर्ध्या गाड्यांचे सेट बंद. म्हणून निविदेतच लिहा: सगळी जोडणी एकाच जबाबदार माणसाकडून, स्वतंत्र फ्यूज बॉक्स, प्रत्येक तारेवर खूण आणि तारांचा नकाशा गाडीच्या कागदपत्रांसोबत.

आता त्या गाडीत बारा तास बसणाऱ्या माणसांबद्दल. खरेदीच्या बैठकीला चालक नसतो, महिला अंमलदार नसते, आणि मागच्या आडव्या बाकड्यावर बसणारा शिपाई तर कधीच नसतो. बोलेरोच्या मागच्या त्या समोरासमोरच्या बाकड्यांवर ढाल, काठी, हेल्मेट आणि रायफल घेऊन घाटातून तासभर बसून बघा, मग सही करा. कंबरदुखी आणि मणक्याचे विकार पोलीस चालकांमध्ये किती आहेत हे कुठल्याही पोलीस रुग्णालयात विचारा. सीटची उंची बदलता येते का, कमरेला आधार आहे का, साडेपाच फुटांच्या आतल्या महिला अंमलदाराचा पाय क्लचवर पूर्ण पोचतो का, महिलांच्या सुरक्षेसाठीच्या दामिनी पथकातल्या मुलींना पायरीशिवाय झटकन चढता-उतरता येतं का, हे प्रश्न तितकेच तांत्रिक आहेत जितका हॉर्सपॉवरचा.

चढणं-उतरणं हा जीवन-मरणाचा मुद्दा होऊ शकतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या क्वालिसमध्ये होते, तिच्या मागच्या भागात बसलेले अरुण जाधव गोळ्या लागून सहकाऱ्यांच्या देहांखाली अडकले. हत्यार होतं, पण हात हलवायला जागा नव्हती. त्या रात्री कुठलीही साधी गाडी वाचवू शकली नसती. पण मागे बसलेल्या माणसाला स्वतःचं दार असावं, ते आतून उघडावं, हत्यार उचलायला कोपर मोकळं असावं, एवढं तरी आपण त्या रात्रीनंतर प्रत्येक खरेदीत तपासायला हवं. आरोपी नेतानाही हेच. मधल्या सीटवर आरोपी मध्ये आणि दोन्हीकडे दोन अंमलदार बसवून बघा. तिघांचे खांदे एकमेकांत अडकत असतील तर झटापटीत गाडीच उलटी पडायची.

रुंदी हवी, पण ती रस्त्यावर मावायलाही हवी. स्कॉर्पिओ-एनची रुंदी १,९१७ मिलिमीटर आहे, बोलेरोची १,७४५, अर्टिगाची १,७३५. म्हणजे सतरा-अठरा सेंटिमीटरचा फरक. तुमच्या शहरातल्या जुन्या पेठेत दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या असताना हा फरक म्हणजे गाडी आत जाणं किंवा गल्लीच्या तोंडाशी सोडून पळत जाणं. त्या भागात खरं तर बीट मार्शलची मोटारसायकलच आधी पोचते. तीस चारचाकींच्या निधीतून दोन कमी करून दुचाक्या घेता येत असतील तर जरूर विचार करा.

सुरक्षेच्या चाचण्यांचे निकाल आता जाहीर असतात, ते प्रस्तावाला जोडा. गाड्यांची धडक देऊन चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला प्रौढांसाठी पाच तारे दिले; एप्रिल २०२४ मध्ये बोलेरो निओला एकच मिळाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅपही सुरू आहे. घाटातून रात्री-अपरात्री जाणाऱ्या गाडीत आपण सहा-सात माणसं बसवतो. लोखंड जाड आहे म्हणून गाडी सुरक्षित, ही समजूत आता सोडायला हवी. मात्र तारे पट्टा लावलेल्या माणसासाठी असतात. आपल्याकडे पट्टा न लावण्याची सवय अधिकाऱ्यांपासूनच सुरू होते, तिथे कितीही ताऱ्यांची गाडी घेतली तरी उपयोग नाही.

महामार्गासाठी वेगळी गाडी हवीच. समृद्धीवर मोटारींना ताशी १२०ची मर्यादा आहे, पुणे-मुंबई द्रुतगतीवर सपाटीला १००ची. उंच, अरुंद, जड छताची गाडी या वेगाला वळवली की काय होतं ते सांगायला नको. तिथे ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा), चारही चाकांना चांगले ब्रेक आणि पाच तारे ही किमान अट ठेवा. पण महामार्गावरही पोलिसांची गाडी मरते ती बहुधा उभी असताना, मागून आलेल्या ट्रकने. अमेरिकेत फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया ही गाडी वर्षानुवर्षं पोलिसांची लाडकी होती, २०११ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिची इंधनटाकी मागच्या अॅक्सलच्या मागे होती. रस्त्याकडेला उभ्या गाड्यांना मागून जोरात धडक बसली की आग लागायची. पोलीस अधिकारी जळून मेले, तेव्हा कुठे २००२ मध्ये कंपनीने टाकीला संरक्षक कवच बसवायला घेतलं. पुढच्या पिढीच्या पोलीस गाड्या मागून ताशी ७५ मैलांच्या धडकेला तपासल्या गेल्या. आपल्याला एवढी चाचणी मागता येणार नाही. पण मागच्या पूर्ण रुंदीवर तिरपे परावर्तक पट्टे, बॉनेट-डिकी उघडली तरी दिसतील असे दिवे आणि गाडीत सहा तरी परावर्तक शंकू, हे मागता येतं आणि त्याला फार पैसे लागत नाहीत.

तिकडची आणखी एक गोष्ट मला मनापासून घेण्यासारखी वाटते. मिशिगन राज्य पोलीस दरवर्षी नव्या पोलीस गाड्यांची चाचणी घेतात. वेग, ब्रेक, वळणं, आतली जागा, उपकरणं बसवण्याची सोय, सगळं मोजून अहवाल उघड करतात आणि छोट्या-छोट्या गावांची पोलीस खाती त्यावरून गाडी ठरवतात. आपल्याकडे प्रत्येक जिल्हा आपापल्या अनुभवावर आणि डीलरच्या सांगण्यावर चालतो. राज्यस्तरावर असं काही होईपर्यंत तुम्ही जिल्ह्यापुरती चाचणी घ्या. दोन-तीन गाड्या आठवडाभर मागवा, वेगवेगळ्या उंचीच्या चालकांना द्या, पूर्ण पथक आणि पूर्ण साहित्य भरून घाट चढवा, एक रात्रपाळी नाक्यावर उभी करा. प्रत्येकाने आपलं मत सही करून द्यायचं. नंतर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर अटी लिहिताना याच नोंदी कामी येतात, कारण तिथे ब्रँडचं नाव लिहून चालत नाही. कामाची गरज लिहावी लागते आणि ती मोजलेली असली की आक्षेप टिकत नाही.

इलेक्ट्रिकबद्दल दोन्ही टोकाची मतं ऐकतो. राज्याचं ईव्ही धोरण २०२१ मध्ये आलं आणि सरकारी गाड्या इलेक्ट्रिक घेण्याकडे कल आहे, त्यामुळे हा विषय टाळता येणार नाही. गंमत म्हणून नव्हे, खरोखर हिशेब केला तर उभ्या राहणाऱ्या गाडीला इलेक्ट्रिकइतकं चांगलं काहीच नाही. उभ्याने तिचा खर्च फक्त एसी आणि उपकरणांचा, तासाला एक-दीड युनिट. सहा तासांचे सहा ते नऊ. १२० किलोमीटरला साधारण अठरा युनिट. एकूण चोवीस ते सत्तावीस. चाळीस युनिटच्या बॅटरीत शहरातली गस्त आरामात बसते. ऑइल नाही, डीपीएफ नाही, रात्री गल्लीत आवाज नाही.

अडचण येते ती चार्जिंगच्या वेळेची. गस्तीची गाडी एका पाळीने दुसऱ्या पाळीच्या हातात चालूच देते. तिला विश्रांती नसते. ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर पंचवीस युनिट भरायला साडेतीन-चार तास लागतात. ते तास कुठून काढणार, हे ठाणेनिहाय लिहून काढल्याशिवाय इलेक्ट्रिक गाडी देऊ नका. ठाण्याचा मंजूर वीजभार किती, अर्थिंग कसं आहे, महावितरणकडे भारवाढीचा अर्ज केला का, हे गाडी यायच्या आधी. आणि नदीकाठच्या दोन तालुक्यांना इलेक्ट्रिक आत्ता नकोच. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे दिवसचे दिवस वीज नव्हती, हे सगळ्यांना आठवत असेल. तिथे इंजिनाला हवा घेणारी नळी उंचावर असलेली, पाण्यातून जाऊ शकणारी, शेजारच्या तालुक्यातून कॅनने इंधन आणून चालवता येणारी गाडीच लागते.

देखभालीवर थोडं. किती मॉडेल घ्यायची? तीनपेक्षा जास्त नकोत. प्रत्येक नव्या मॉडेलसोबत वेगळे फिल्टर, वेगळे ब्रेक पॅड, वेगळा स्कॅनर येतो आणि वर्कशॉपच्या पोरांना सगळं नव्याने शिकावं लागतं. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी आहे एवढ्याने भागत नाही. दूरच्या तालुक्यातून गाडी सर्व्हिसिंगला आली की ठाणे दोन दिवस गाडीविना राहतं. म्हणून राखीव गाड्यांची सोय आत्ताच करा, तीसमधल्या दोन मुख्यालयात राखीव म्हणून दाखवा. त्या साहेबांच्या दिमतीला जाणार नाहीत असं अधीक्षकांकडून लेखी घ्या.

आणि सगळ्या तीस एकाच वर्षी घेऊ नका, निधी दोन-तीन वर्षांत विभागून मिळत असेल तर आनंदाने घ्या. आज तुमच्यासमोर जो प्रश्न आलाय, तो पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी सगळ्या गाड्या एकदम घेतल्या म्हणूनच एकदम आलाय. दरवर्षी थोड्या गाड्या बदलत गेल्या तर पहिल्या तुकडीत कळलेले दोष दुसऱ्या तुकडीच्या अटींमध्ये टाकता येतात.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी असं विभागेन. ग्रामीण आणि पूरग्रस्त ठाण्यांना चौदा, मजबूत चासीच्या डिझेल. बोलेरोच्या वर्गातली गाडी इथे अजूनही चांगली, फक्त मागे पुढच्या दिशेला तोंड असलेली सीट मिळते का ते आग्रहाने बघा. शहराला नऊ, पेट्रोलवरच्या सात आसनी, अर्टिगाच्या वर्गातल्या. सीएनजी घेतली तर टाकी डिकीची जागा खाते आणि ढाली-हेल्मेट ठेवायला जागा उरत नाही, म्हणून नको. महामार्गाला तीन, पाच ताऱ्यांच्या. उरलेल्या चार इलेक्ट्रिक, शहरातल्या वाहतूक शाखेला आणि दामिनी पथकाला, जिथे रात्री गाडी ठरावीक वेळ उभी असते. राखीव दोन यातूनच, एक ग्रामीण आणि एक शहरी प्रकारातली. मॉडेल चार होतात हे मला दिसतंय. महामार्गाच्या तीन गाड्यांसाठी कंपनीशी देखभालीचा करार करून टाका म्हणजे वर्कशॉपवर तीनच राहतील.

हे आकडे अंतिम धरू नका. प्रस्ताव लिहिण्याआधी प्रत्येक ठाण्याच्या चालकाला पंधरा दिवसांसाठी लॉगबुकात एक जादा रकाना आखायला सांगा: इंजिन चालू ठेवून गाडी किती वेळ उभी होती. ज्या ठाण्यात तो आकडा चार तासांच्या वर जाईल, तिथून डिझेल काढा. ज्या ठाण्यात तो दोनच्या आत येईल, तिथे शहरी असलं तरी डिझेलचा पुन्हा विचार करायला हरकत नाही. ते कागद हातात आले की मला पाठवा, कुठल्या ठाण्याला काय द्यायचं ते आपण एकेक करून बघू.